पेवावरचा कंदील

मी फार बोलणारा माणूस नाही. कचेरीत पंचवीस वर्षं काढली, त्यांत माझ्या तोंडून जास्तीचा शब्द गेला असं कुणी म्हणणार नाही. घरीही तसाच. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे भिंतीशी गप्पा. जे पुढं लिहितो आहे ते गेल्या महिन्यापर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं. सांगितलं त्या दिवशी ती पोळपाटावरची पोळी तशीच टाकून उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

आमचं घर भिंगारला. वडील छावणीच्या कचेरीत कारकून, मी नगरला दप्तरखान्यात. लढाई सुरू झाली, लष्कराची वर्दळ वाढली, रेशनच्या रांगा आल्या आणि आम्हां कागद सांभाळणाऱ्यांतल्या काहींना लेव्हीच्या कामावर खेड्यांत पाठवलं. मी तेव्हा चाळिशीला आलो होतो. लेव्ही आता सगळ्यांना पाठ झाली आहे: घरात खाणारी तोंडं किती, बियाणं किती, ते वजा जाता उरलेली ज्वारी सरकारी भावानं सरकारला घालायची. मला जामखेडकडची पाच गावं मिळाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार जिथं सोडी तिथून पुढं बैलगाडी.

तो कोरडा मुलूख मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरं धाब्याची, बाभळी, मेंढरं, लांबवर काळी रानं. रब्बीची ज्वारी हेच त्यांचं सगळं. भाकरी तीच, बैलांना कडबा तिचाच, बलुत्याला द्यायची तीही तीच. बाजारात मीठ, गूळ आणि बांगड्या सोडल्या तर विकत घ्यायची वस्तू फारशी नव्हती. अपवाद एकच, रॉकेल. ते लढाईत दुर्मिळ झालं होतं आणि गावाचा कोटा वाटायची चिठ्ठी माझ्या सहीनं निघे.

इथंच पहिली गोष्ट कबूल करतो. लेव्ही पुरी झाल्याशिवाय रॉकेल नाही, असा हुकूम कुठल्याही कागदावर नव्हता. तो मी काढला होता. ज्या गावाची लेव्ही राहिली त्या गावाची चिठ्ठी मी पिशवीतच ठेवायचो. युक्ती चालली. चार गावांनी पोती घातली. पाचव्या गावात दोन महिने दिवे नव्हते. दिवस मावळायच्या आत लोक जेवून घेत.

त्या पाचव्या गावात दोन भाऊ एकत्र राहत. थोरला पन्नाशीचा, तोंडानं सावकाश. धाकटा तिशीच्या आतला, भारी थट्टेखोर. धाकट्याची बायको सातव्या महिन्यात होती. थोरल्या दिरासमोर ती पदर ओढून उभी राही, त्याच्याशी समोरासमोर कधी बोलत नसे, रीतच तशी. थोरल्याची बायको मागंच वारलेली, म्हणून घर सगळं हिच्या अंगावर.

त्यांची ज्वारी पेवात होती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत रांजणासारखा खड्डा खणतात, तोंड निमुळतं, जेमतेम माणूस मावेल एवढं, पोट मोठं. आत शेणानं लिंपून, कडब्याचं सरमाड लावून ज्वारी ओततात, वर शिळा आणि चिखल. दोन-दोन वर्षं दाणा टिकतो. पण पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. शिळा काढून एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. कंदील तळाशी तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. आत कोंडलेली हवा, तो कोंदटा, माणसाला मारतो हे तिथलं शेंबडं पोर सांगेल. मलाही सांगितलं होतं. पाटलांनी सांगितलं होतं, आणि हसून असंही म्हटलं होतं, "पन भाऊसाहेब, काही बेनं लई हुशार असतंय. झटका देऊन कंदील इझवत्यात. म्हंजे उद्यावर गेलं. रातीत निम्मं पेव दुसरीकडं."

ते मी मनात धरून बसलो.

मृग लागून चार दिवस झाले होते, ढगाचा पत्ता नव्हता, वारा पडलेला. सकाळीच पेवाची शिळा काढलेली. गाडी जुंपून तयार. हे एक पेव निघालं की माझी पाचही गावं पुरी होणार होती. तालुक्यात कुणाची झाली नव्हती. ज्याची आधी पुरी होतील त्याला परत नगरला घेऊ, असं वरून तोंडी आलं होतं. मला घरी जायचं होतं. एवढंच. दुसरं मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

थोरला म्हणाला, "भाऊसाहेब, उद्याच्याला काढू. आत्ता कुटं शिळा सरकवलीय."

"उद्या गाडी नाही मिळायची. कंदील सोडून तर बघा."

धाकट्यानं घराकडं हाक दिली. बायको कंदील घेऊन आली, पेवापासून लांबच ठेवून परतली. जाताना तो तिला म्हणाला, "आज लई उदार झालीस गं! पेटवूनबी आनलास." ती पदरात हसली. माझ्या लक्षात ते हसू राहिलं आहे.

त्यानं कंदिलाला दोरी बांधली, पेवात सोडली. आम्ही वरून वाकून पाहत होतो. पिवळा ठिपका खाली गेला, ज्वारीवर टेकायच्या आधीच बारीक झाला आणि गेला.

"इझला," थोरला म्हणाला. "झालं. उद्या."

गावातले पंधरावीस बाप्ये जमले होते. मला वाटलं, हे सगळे माझ्याकडं पाहून मनात हसत आहेत. मी म्हणालो, आणि शब्द न शब्द आठवतो: "विझणारच. आत तेल कुठं आहे? दोन महिने रॉकेल मीच दिलेलं नाही. तुमच्या कंदिलात किती तेल असेल ते मला विचारा!"

लोक हसले. खरोखर हसले, माझा विनोद त्यांना आवडला. एकजण म्हणाला, "व्हय, वातच जळली असंल सुक्की!" दुसरा धाकट्याला म्हणाला, "तू बी भितूस का काय रं? बाप व्हायला लागला आन् पेवाला भ्याला!"

धाकट्यानं कंदील वर ओढून जमिनीवर ठेवला. थोरल्याकडं पाहिलं. थोरला माझ्याकडं पाहत होता. मी घड्याळ काढून पाहत होतो.

"दादा, सोड मला खाली," धाकटा म्हणाला. "साहेबास्नी भिंगारला जायचंय. वहिनीसाहेब वाट बघत असत्याल."

पुन्हा हसू. त्यानं सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, कमरेला बांधला. सोल एकच होता. आधी माणूस उतरवायचा, मग त्यानं तो सोडून पाटीला बांधायचा, पाटी भरून वर, अशी पद्धत. तो तोंडातून खाली गेला. "लई उकडतंय," म्हणाला. मग कमरेचा सोल सोडला असावा, कारण दोरी सैल आली. मग तो खाली बसला. दमलेला माणूस बसतो तसा, हात गुडघ्यावर ठेवून. मला वाटलं थट्टा करतो आहे. सगळ्यांनाच वाटलं. कुणीतरी म्हणालं, "ऊठ की रं, नवरदेवा."

तो कुशीवर कलला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. थोरला स्वतः उतरायला निघाला, चौघांनी त्याला धरलं. एक तरणा गडी सोल बांधून निम्म्यात गेला आणि डोळे फिरवायला लागला, त्याला ओढला. कुणीतरी विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा लोखंडी गळ आणला. तो धोतरात अडकायचा आणि निसटायचा. गळानं माणूस शोधायचा. माझ्या कानांत पाणी गेल्यासारखं झालं होतं, माणसांची तोंडं हलताना दिसत, आवाज उशिरा येई. शेवटी बाहेर काढला तेव्हा त्याच्या केसांत, कानांत, ओठांवर ज्वारीचे दाणे चिकटलेले होते. थोरला ते एकेक करून काढत बसला.

सगळे तिकडं धावले, बायका घरातून ओरडत आल्या. पेवाच्या तोंडाशी मी एकटा राहिलो. पायाला कंदील लागला. आडवा होईल म्हणून मी उचलला.

आत तेल डुचमळलं.

मी पुन्हा हलवला. निम्म्याच्या वर होतं. कंदील धुतलेला होता, काच पुसलेली होती, वात कापलेली होती. वीस पावलांवर कडब्याची गंज होती. मी तिच्या मागं गेलो, टाकीचं झाकण फिरवलं आणि तेल कडब्याच्या बुडाशी ओतलं. ठिबकायचं थांबेपर्यंत धरून राहिलो. मग बोटांना माती चोळली, परत आलो आणि कंदील होता तिथं ठेवला. हे सगळं मी घाईत केलं नाही. सावकाश केलं, दप्तरातला कागद जागेवर ठेवावा तसं. ही दुसरी गोष्ट, आणि मुख्य.

दुपारी पंचनामा झाला. पाटलांनी सांगितलं आणि मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. 'मयत हा मनाई असता आपले मर्जीने उतरला. कंदील तपासून पाहिला, त्यात तेल आढळले नाही.' पाटलांनी कंदील कानाशी हलवून पंचांना दाखवला. मग चावडीच्या पायरीवर उभं राहून मी तो वाचला, पंचांनी अंगठे दिले.

वाचून होताच बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "म्या भरला हुता! आजच सकाळी भरला हुता वो!"

धाकट्याची बायको उठायला धडपडत होती, बायका खाली दाबत होत्या. बाळंतपणासाठी तिनं एक बाटली रॉकेल राखून ठेवलं होतं. पाचवीच्या रात्री बाळाजवळचा दिवा विझता कामा नये, म्हणून. त्यातलं आज पेवासाठी कंदिलात ओतलं होतं. कुणीतरी घरात जाऊन ती बाटली आणली. बाटली निम्मी होती.

मला वाटलं, आता कळणार. निम्मी बाटली म्हणजे निम्मं तेल कंदिलात गेलं होतं. पण एक म्हातारी बाटली हातात धरून म्हणाली, "बगा! घरात तेल आसून रिकामा कंदील धाडला बाईनं. बाळंतपनाला राखलं आन् नवरा घालवला."

माणसांची मनं अशी चालतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी हबकलो. तोंड उघडलं, आणि त्या म्हातारीनं मला वाचवलं आहे हे लक्षात येऊन मिटलं.

आठ दिवसांत मी त्या गावाला रॉकेलची चिठ्ठी दिली. लेव्ही न घेता. गावचे चार जण वाटेपर्यंत पोचवायला आले. "लई दयाळू सायब हायती," म्हणाले. पावसाळ्यानंतर माझी नगरला बदली झाली.

मधली पाच वर्षं मी काय केलं? काही नाही. लढाई संपली, स्वराज्य आलं, कचेरीतल्या तसबिरी बदलल्या. नोकरी केली, मुलीचं लग्न केलं. घरात कंदील भरायचं काम मी सोडलं. डोळ्यांना धूर लागतो म्हणून सांगितलं. ती बाई माहेरी गेली असेल, विसरली असेल, गाव विसरला असेल, असं मी धरून चाललो होतो.

यंदा संक्रांतीआधी भिंगारच्या बाजारात त्या गावचा एक धनगर घोंगड्या घेऊन बसलेला दिसला. त्यानं मला ओळखलं. चहा पाजला. मी त्या बाईची चौकशी केली, सहज केल्यासारखी.

"हाय की. पोरगी झाली तिला. कामाला वाघीन हाय बाई. पन दिव्याला हात न्हाई लावू देत तिला."

"म्हणजे?"

"म्हंजे तिनं दिवा लावायचा न्हाई. तिन्हीसांजंला शेजारची म्हातारी जाती लावाय. कुनाच्या लग्नात करवलीच्या हातात दिवा आसंल तर हिला तिथनं उठवत्यात. पोरीच्या पाचवीला सुदिक दुसरीनंच दिवा धरला. आता तीच म्हनती, आसंल बाबा, इसरले आसंल मी तेल घालाय. लई वर्सं आयकलं की मानसाला खरं वाटाय लागतं, न्हाई का?"

त्यानं ते घोंगडी झटकत सांगितलं, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं. चहाची बशी माझ्या हातात होती. ती मी खाली कशी ठेवली ते आठवत नाही. पाच वर्षं मी समजत होतो की मी एक मेलेला माणूस बाळगतो आहे. जिवंत बाईचा मी कधी विचारच केला नव्हता. स्वतःच्या हातांनी भरलेला कंदील तिला रिकामा आठवायला लागला होता.

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. चौथ्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीत बसलो.

घर तेच होतं. कडब्याची गंज त्याच जागी, पेव बुजवून टाकलेलं, त्यावर एरंड उगवलेला. थोरला ओसरीवर अंबाडी वळत बसला होता, फार वाकला होता. "भाऊसाहेब का? या या. लेव्ही का काय पुन्ना?" धाकट्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली. पाच वर्षांची पोर तिच्या लुगड्याला धरून होती. पोरीचं नाक-कपाळ बापाचं.

मी वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यातलं एकही बोललो नाही. म्हणालो, "त्या दिवशी कंदिलात तेल होतं. मी ओतलं. गंजीमागं."

थोरल्याचे हात थांबले. मी वाट पाहत होतो की तो मारायला उठेल. तो अंबाडीकडंच पाहत राहिला. मग म्हणाला, "ठावं हाय."

मला वाटलं त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"ठावं हाय म्हनतो न्हवं. तिसऱ्या दिवशी कडबा टाकला तर बैल तोंड लावंनात. वास घेतला. घासलेट. दोन पेंढ्या मीच नेऊन जाळल्या."

दाराआड काहीतरी हललं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. मी विचारलं! माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला.

"काय बोलू?" तो आता माझ्याकडं पाहत होता. "तेल हुतं म्हंजे कंदील कोंदट्यानं इझला. इझलेला मी माझ्या डोळ्यानं बगिटला. सोल माझ्या हातात हुता. तुमी हसलात, लोकं हसली. मी का सोडला त्येला? तुमी परके. मी त्येचा भाऊ. तिच्या अंगावर गेलं ते... जाऊ दिलं."

पोरगी म्हणाली, "आई, काय झालं?"

ती दारातून बाहेर आली. पदर डोक्यावर होता पण चेहरा उघडा होता. सरळ थोरल्या दिरासमोर येऊन उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"दादा. पाच वर्सं माझ्या हातचं जेवलात."

थोरल्यानं मान खाली घातली. त्याच्या हातातली अंबाडी सुटून गेली.

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. आतून डबा ठेवल्याचा आवाज आला, मग काचेचा. बाहेर आली तेव्हा हातात कंदील होता. तोच होता की दुसरा, मी विचारलं नाही. थोरल्यानं तिच्या हाताकडं पाहिलं, अडवलं नाही.

"हितं घरात सांगून काय उपेग?" ती मला म्हणाली. "तुमी चावडीच्या पायरीवर वाचलं हुतं. तिथं चला. दादा, तुमीबी."

आम्ही निघालो. ती पुढं, पोर तिच्या बोटाला, मग मी, मागं काठी टेकत थोरला. दुपारची वेळ, बायका दळण घेऊन चाललेल्या, बाप्ये पारावर बसलेले. दिवसाढवळ्या तिच्या हातात कंदील पाहून लोक उठून उभे राहायला लागले. बाटली हातात धरून बोललेली ती म्हातारी अजून होती, तिनं पोत्यावरून उठून विचारलं, "आगं बया, ह्ये काय घेतलंस हातात?" ती थांबली नाही. तिच्या चालण्याबरोबर कंदिलात तेल हलत होतं आणि तो आवाज मला ऐकू येत होता. दुसरं काहीच येत नव्हतं.

चावडीपाशी माणसं जमली. मी पायरीवर चढलो. काय बोललो ते सगळं सांगत नाही. वर लिहिलं आहे तेच बोललो. रॉकेलची चिठ्ठी अडवली इथपासून. थोरला खाली उभा राहून प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होता. कुणीतरी माझ्या दिशेनं खेटर टाकलं, ते भिंतीला लागलं. कुणी हसलं नाही.

माझं संपलं. मला वाटलं आता उतरावं. पण ती पुढं आली, कंदील माझ्यासमोर पायरीवर ठेवला.

"पाटलांनी हलवून दावला हुता," ती म्हणाली. "तुमी हलवा."

मी खाली वाकलो. कंदील उचलून कानाशी धरला आणि हलवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ह्यात तेल आहे.

"तवा?" तिनं विचारलं.

"तेव्हाही होतं."

तिनं माझ्या हातातून कंदील घेतला, पोरीला म्हणाली, "चल, सांज व्हायच्या आत काच पुसाय लागंल," आणि घराकडं वळली.